खेळ टिकावा, यंत्रही टिकावे

एप्रिल-मेमध्ये भर दुपारी माळशिरसच्या रस्त्यांवर चिटपाखरू दिसत नाही. पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो, फुफाटा उडत असतो आणि सुट्टी लागलेल्या पोरांना घरात कसे बसवून ठेवायचे, हा घरोघरच्या आयांपुढचा प्रश्न असतो. पत्ते, कॅरम, सापशिडी यांची मात्रा दोन-चार दिवस चालते. मग भांडणे सुरू होतात. नव्वदच्या दशकात या प्रश्नावर एक नवाच तोडगा घरात आला. टीव्हीला वायर जोडायची, खोक्यात एक कॅसेट खुपसायची, हातात बटणांचा 'रिमोट' धरायचा, की पडद्यावरचा मिशीवाला गडी उड्या मारत सुटायचा. शहाण्यांच्या भाषेत या यंत्राला व्हिडिओ गेम कन्सोल म्हणतात. आमच्याकडे त्याचे नाव सरळ 'टीव्ही गेम'.

या खेळाने मुलांचे डोळे बिघडतात का, अभ्यास बुडतो का, यावर पुष्कळ लिहिले गेले आणि ते लिहायलाच हवे होते. पण एका साध्या प्रश्नाकडे फारसे कोणी वळले नाही. हे यंत्र टिकते किती? आणि बिघडले तर ते नीट कोण करून देणार? फ्रीज घेताना आपण दहा जणांना विचारतो, पंखा घेताना वाइंडिंग तांब्याचे आहे का ते पाहतो. खेळाचे यंत्र मात्र 'पोरांचे खेळणे' म्हणून पदरात पडते आणि बंद पडले की माळ्यावर जाते. खेळणे मोडायचेच, असे आपण धरून चाललो आहोत. कारखानदारांनीही तेच धरले, तर त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

कॅसेट, फुंकर आणि काळा थेंब

अस्सल विदेशी यंत्र तेव्हा मध्यमवर्गाच्या आवाक्यातले नव्हते. आयात यंत्रांवर ८० टक्के कर होता. तो टाळण्यासाठी १९९५ साली जपानच्या सेगा कंपनीने शॉ वॉलेस या मद्यव्यवसायात नाव असलेल्या भारतीय कंपनीशी करार केला आणि 'मेगा ड्राइव्ह' हे यंत्र इथे विकायला आणले. किंमत १८ हजार रुपये! माळशिरसातल्या नोकरदाराचे त्या काळचे कित्येक महिन्यांचे पगार त्यात गेले असते. तेव्हा तालुक्याच्या गावांत पोचली ती निंटेंडोच्या 'फॅमिकॉम' या यंत्राची स्वस्त नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आले होते. आमच्याकडे त्याची जुळी, तिळी, सावत्र अशी सगळी भावंडे निरनिराळ्या नावांनी आली. कॅसेटवर ९९९ खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात पाच-पंचवीस खेळच नावे बदलून पुन्हा पुन्हा येत.

या यंत्राच्या बिघाडांची एक ठरलेली वहिवाट होती. पहिला बिघाड कॅसेटचा. पडद्यावर नुसते चौकोन दिसू लागले की पोरे कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारत. हा मंत्र त्यांना कोणी शिकवला कोण जाणे, पण माळशिरसपासून अमेरिकेपर्यंत सगळी मुले हेच करत होती. खरे पाहता फुंकरीबरोबर तोंडातली वाफ धातूच्या पट्ट्यांवर बसते आणि पट्ट्या हळूहळू काळवंडतात. कॅसेट काढून पुन्हा बसवताना पट्ट्या एकमेकींवर घासतात, तुटलेला संपर्क जुळतो आणि श्रेय मात्र फुंकरीला जाते. निंटेंडोने आपल्या सूचनांमध्ये फुंकर मारू नका असे बजावले होते. पण सूचना वाचायला नकलेबरोबर माहितीपुस्तक तरी कुठे येत होते?

दुसरा बिघाड रिमोटचा. आतली रबरी गादी झिजते, वायर मुळाशी तुटते. हा घरच्या घरी निस्तरता येई. तिसरा मात्र असाध्य. मूळ फॅमिकॉममध्ये गणिताची चिप वेगळी, चित्राची वेगळी, मेमरीच्या वेगळ्या. प्रत्येकीला पाय होते, ती काढता-घालता येत होती. पुढे पुढे नकलेत या सगळ्यांचे काम एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर आले. तो बोर्डावर चिकटवून त्यावर काळ्या इपॉक्सीचा थेंब टाकलेला असे. यंत्र स्वस्त झाले ते याच थेंबामुळे. पण त्याच्याखालचे काही बिघडले की जगातला कोणताही कारागीर काही करू शकत नसे. आमच्या गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी मला ते यंत्र उघडून दाखवले होते. थेंबावर नख टेकवून ते एवढेच म्हणाले, "सर, इथपर्यंत आपलं राज्य."

लाईटची मेहेरबानी

यंत्र कोणाचेही असो, आमच्याकडे त्याची खरी परीक्षा घेते ती लाईट. नीरेच्या कालव्यावर पोसलेल्या या उसाच्या पट्ट्यात मोटारी एकदम सुरू झाल्या की घरातला दिवा मिणमिणतो. रात्री त्या बंद झाल्या की तोच दिवा डोळ्यांवर येतो. २३० व्होल्ट हा आकडा कागदावरचा. टीव्ही गेमबरोबर येणाऱ्या अडॅप्टरमध्ये साधा ट्रान्सफॉर्मर असे. वरचा दाब वाढला की खालचाही त्याच प्रमाणात वाढायचा. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. तो चिपांना बेताचे पाच व्होल्ट देतो आणि वरचे जास्तीचे व्होल्ट उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. आता विचार करा: बाहेर बेचाळीस अंश, पत्र्याचे छप्पर, टीव्हीच्या मागच्या कोनाड्यात कोंबलेला प्लॅस्टिकचा डबा, आणि त्यात हा रेग्युलेटर धगधगतो आहे. जास्त तापला की तो स्वतःहून बंद पडतो. पोरे म्हणत, गेम हँग झाला. खरे तर तो बिचारा स्वतःचा जीव वाचवत असे.

त्यातून डीपीवर न्यूट्रल तुटला तर मग बोलायलाच नको. अशा वेळी सिंगल फेजच्या घरात चारशेच्या आसपास व्होल्ट शिरू शकतात आणि एका आळीतले टीव्ही, मिक्सर, बल्ब एका दमात निकालात निघतात. २००५नंतरची काही वर्षे भारनियमनाचा वनवास होता. तासन्‌तास गेलेली लाईट परत येताना झटक्यासह येई. आजच्या यंत्रांतला वीजपुरवठा पुष्कळ सुधारला आहे, शंभरपासून दोनशे चाळीस व्होल्टपर्यंत तो चालतो, हे मान्य केले पाहिजे. पण दाब दोनशे चाळीसवर जाऊन थांबेल याची हमी आमची डीपी देत नाही. हवेतली धूळ तर कोणत्याच माहितीपत्रकात धरलेली नसते. पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर ती गोधडीसारखी बसते आणि यंत्र आतल्या आत उकडत राहते.

थोरामोठ्यांचीही तीच कथा

नकली मालाला नावे ठेवणे सोपे आहे. पण नामांकित कंपन्यांचा इतिहास पाहिला तर तिथेही हाच पाढा आढळतो. फॅमिकॉमच्या पहिल्याच खेपेत एक चिप सदोष निघाली आणि खेळ मध्येच गोठू लागला. निंटेंडोने यंत्रे परत मागवून त्यांचे मुख्य बोर्ड बदलून दिले. अमेरिकेसाठी १९८५ मध्ये त्याच यंत्राला व्हीसीआरसारखे रूप दिले. कॅसेट पुढून सरकवायची आणि खाली दाबायची. देखणेपणा साधला, पण वारंवार दाबून आतल्या कनेक्टरचे दात वाकले आणि यंत्राचा लाल दिवा उघडझाप करत बसला. १९९३ साली कंपनीने मुकाट्याने कॅसेट वरून घालायचे साधे रूप पुन्हा आणले. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये सीडी वाचणारा भाग उष्णतेच्या शेजारी बसवलेला होता. तो तापून वाकायचा. लोकांनी उपाय शोधला की यंत्र उलटे करून ठेवायचे! सोनीने पुढच्या आवृत्त्यांत तो भाग दुसरीकडे हलवला.

सगळ्यांत महागडा धडा मायक्रोसॉफ्टला मिळाला. भारतात २००६ साली आलेले त्यांचे एक्सबॉक्स ३६० हे यंत्र जगभर एकाएकी बंद पडू लागले. दर्शनी बटणाभोवती तीन लाल दिवे लागत, म्हणून त्या बिघाडाला मृत्यूचे लाल कडे असे नाव पडले. जुलै २००७ मध्ये कंपनीने या बिघाडासाठी हमीची मुदत तीन वर्षे केली आणि त्यापायी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. कारण काय होते? २०२१ साली कंपनीने स्वतःच केलेल्या माहितीपटात अभियंत्यांनी ते सांगितले. यंत्र सुरू केले की तापते, बंद केले की निवते. या सततच्या तापण्या-निवण्याने आतले बारीक सांधे तुटत होते. एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवलेली तार तुटते, तसेच हे. अब्जावधींची कंपनी आणि रोग मात्र सांध्याचा!

आणि हे जुन्या काळातले म्हणून सोडून द्यावे, तर तसेही नाही. निंटेंडोचे २०१७ सालचे स्विच घ्या. त्याच्या हातातल्या काठीला कोणी बोट लावलेले नसतानाही पडद्यावरचा गडी आपोआप एका बाजूला चालू लागतो, अशा तक्रारींचा पाऊस पडला. या काठीखाली कार्बनची पट्टी असते, तिच्यावर धातूचे टोक घासते आणि घासणारे ते झिजणारच. अमेरिकेत खटले झाले, कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी २०२० मध्ये ग्राहकांची माफी मागितली. गंमत अशी, की यावरचा उपाय फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चुंबकाच्या साह्याने, काही न घासता दिशा ओळखणारी काठी सेगाच्या ड्रीमकास्ट या १९९८ सालच्या यंत्राला होती. तरीही जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच टूमध्ये निंटेंडोने ती वापरलेली नाही. ज्ञान असते, पण ते वापरण्याची इच्छा बाजारभावाशी बांधलेली असते.

याच कंपनीच्या नावावर दुसरी, अभिमानाची नोंदही आहे. १९८३ साली विकायला काढलेल्या फॅमिकॉमची दुरुस्ती जपानमध्ये निंटेंडो २००७ सालापर्यंत करून देत होती. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हाच ती सेवा थांबली. चोवीस वर्षे! बापाने लहानपणी खेळलेले यंत्र मुलाने दुरुस्तीला नेले असेल. टिकाऊपणा शक्य आहे, त्याची ही साक्ष.

सांधणाऱ्याचा हक्क

माळशिरसला ज्ञानोबारायांची पालखी मुक्कामाला येते. त्या वाटेवर एक सेवा पाहून मी दरवर्षी थांबतो. रस्त्याच्या कडेला बसून काही जण वारकऱ्यांच्या तुटलेल्या चपला फुकट सांधून देतात. ज्याची चप्पल तुटली त्याला ते पुण्याला परत जा म्हणत नाहीत. पाय जिथे अडला तिथेच टाका पडतो. दुरुस्ती ही जिथे अडते तिथे मिळायला हवी, हे इतके साधे तत्त्व आहे.

कन्सोलच्या बाबतीत मात्र उलट आहे. काही वर्षांपूर्वी पावतीसह, हमीपत्रासह घेतलेले एक यंत्र माझ्या घरात आठ महिन्यांत बंद पडले. फोनवर सांगण्यात आले की पुण्याच्या केंद्रावर घेऊन या. पुणे इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. गेलो. तिथे सांगितले, आत धूळ आणि ओल आढळली, हमी लागू नाही. बोर्ड बदलावा लागेल. बोर्डाची किंमत ऐकून मी यंत्र पिशवीत घातले आणि परतीची एसटी धरली. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण अशी उत्तरे देणारी ती एकटी नाही. ते यंत्र शेवटी गावातच चालू झाले. वीजपुरवठ्याच्या बोर्डावरचा फुगलेला एक कॅपॅसिटर बदलला, एवढेच. ज्या कारागिराने ते केले त्याच्याजवळ ना कंपनीचा नकाशा होता, ना सुटा भाग. जुन्या रेडिओ-टीव्हीबरोबर सर्किटचा नकाशा येत असे. तो आता गुपित झाला आहे.

ग्राहकाची बाजू महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली, तेव्हा ग्राहक कायदा यायला बारा वर्षे अवकाश होता. १९८६च्या त्या कायद्याची जागा आता २०१९च्या कायद्याने घेतली आहे. त्यानुसार ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. माळशिरसच्या माणसाने सोलापूरच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागावी, कंपनीच्या गावी जाण्याची गरज नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०२२ साली केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तेव्हा निवडली गेली. खेळाच्या यंत्राचे स्वतंत्र नाव त्यात नाही. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला आधी मान मिळाला हे योग्यच झाले. पण घरातल्या मुलाच्या यंत्रालाही त्या पंगतीत पाट मांडायला हवा.

कोणी म्हणेल, आता मोबाईलवर सगळे खेळ असताना या खोक्याची चिंता कशाला? मला तर मोबाईलपेक्षा हा खोका बरा वाटतो. तो बैठकीत असतो, दोघे-चौघे एकत्र खेळतात, कोण किती वेळ खेळले ते घराला दिसते. आणि यंत्राच्या टिकाऊपणाचा जो प्रश्न इथे आहे तोच मोबाईललाही आहे.

पुढच्या यंत्राकडून काय हवे?

नवे यंत्र येते तेव्हा चित्र किती झळझळीत, वेग किती पट, याच्याच जाहिराती होतात. माझ्या अपेक्षा साध्या आहेत. पहिली म्हणजे झिजणारे भाग बल्बसारखे बदलता यावेत: काठी, पंखा, बॅटरी, तबकडी वाचणारा भाग. हे स्वप्नरंजन नव्हे. सोनीने २०२३च्या अखेरीस आणलेल्या प्लेस्टेशन ५च्या लहान आवृत्तीत तबकडीचा भाग सुटा काढता येतो. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून हातात धरायच्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम लागू होतो. युरोपातल्या घरासाठी जे यंत्र उघडता येईल, ते माळशिरसच्या घरासाठी डिंकाने चिकटवून पाठवू नये.

दुसरी अपेक्षा, यंत्र आमच्या हवेसाठी तपासलेले असावे. पंचेचाळीस अंश, कालव्याकाठची धूळ आणि वर-खाली होणारा विजेचा दाब यांत ते किती तास चालते, हे खोक्यावर छापावे. तिसरी, सुटे भाग आणि नकाशा दहा वर्षे मिळावा, तोही कोणत्याही कारागिराला. तालुक्याच्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या पोरांना मोटार रिवाइंडिंगबरोबर हेही काम मिळेल. आणि चौथी, विकत घेतलेला खेळ यंत्राच्या वा कंपनीच्या सर्व्हरच्या मरणाबरोबर मरू नये. प्लेस्टेशन ४मध्ये घड्याळासाठी एक रुपयाएवढी बॅटरी असते. ती संपली आणि इंटरनेटशी संपर्क नसला, तर पैसे मोजून घेतलेल्या तबकड्यासुद्धा चालणार नाहीत, अशी भीती होती. खेळाडूंनी आवाज उठवला आणि २०२१ साली सोनीने ती अडचण दूर केली. आवाज उठवला म्हणून दूर केली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तेव्हा येत्या दिवाळीत वा सुट्टीत मुलांसाठी असे यंत्र घ्यायला निघाल तेव्हा दुकानदाराला तीन प्रश्न जरूर विचारा. हे उघडते कसे? याचे सुटे भाग कुठे मिळतात? आणि बिघडले तर मला किती किलोमीटर जावे लागेल? पहिल्या दिवशी दुकानदार हसेल. शंभर गिऱ्हाइकांनी हेच विचारले की तो वितरकाला विचारेल आणि वितरक कंपनीला. पावती मात्र पक्की घ्या, आणि ती यंत्राच्या खोक्यात न ठेवता कपाटातल्या कागदपत्रांच्या फाईलीत ठेवा.